जागा देणारा राजा

औंधला रेल्वे कधी आली नाही. जवळचं स्टेशन रहिमतपूर. तिथून पुढे जुन्या काळी बैलगाडी किंवा टांगा, आणि दोन्ही बाजूंना पावसाची वाट बघणारी माळरानं. संस्थान म्हणावं तर नकाशावर ते सलग सापडायचं नाही. औंधचा पट्टा एकीकडे, कुंडल दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर, आटपाडी पूर्वेला माणदेशात आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. सगळी मिळून बहात्तर गावं, सुमारे 500 चौरस मैल मुलूख आणि लाखाच्या आत वस्ती. उत्पन्न तुटपुंजं, पाऊस त्याहून तुटपुंजा. अशा ठिकाणी 1910 ते 1948 या काळात लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला, काचेचा कारखाना उभा राहिला, वेदांचा छापखाना चालला, महाभारतासाठी चित्रं निघाली, ग्वाल्हेर घराण्याचं गाणं नांदलं, एका पोलिश इंजिनिअरने कैद्यांची बिनभिंतीची वसाहत वसवली आणि डोंगराच्या उतारावर एक चित्रसंग्रहालय झालं.

हल्ली ‘रेसिडेन्सी’ नावाचा प्रकार पुष्कळ ऐकू येतो. चित्रकार, इंजिनिअर, शेतीतले प्रयोग करणारे, वास्तुकार अशांना एका ठिकाणी काही आठवडे बोलवायचं, राहायला खोली आणि खर्चाला फेलोशिप द्यायची, आणि पाणी, माती, ऊर्जा, कचरा या प्रश्नांवर त्यांनी मिळून काही करावं अशी अपेक्षा ठेवायची. माझी पुतणी वास्तुकला शिकून बांबूची कामं करते. ती असे अर्ज भरत असते. मी पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवण्यात आयुष्य काढलं, त्यामुळे कलावंत आणि यंत्रवाला एका टेबलाशी बसवण्याची ही कल्पना नवी असल्यासारखं कोणी बोललं की मला गप्प बसवत नाही. आमच्या सातारा-सांगलीकडे हा उद्योग शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. त्याला योजनेचं नाव नव्हतं, जाहिरात नव्हती आणि मुदतही नव्हती.

हे घडवून आणणारे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे सगळ्यांचे बाळासाहेब. जन्म 1868 चा, 1909 मध्ये गादीवर आले आणि संस्थान विलीन होईपर्यंत राहिले. पदवीधर होते, कीर्तन करायचे, सूर्यनमस्कारांचं तर त्यांना वेडच होतं. संस्थानातल्या शाळांतून पोरांना नमस्कार घालावे लागत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त धनगरांच्या वाडीवर तालीम बांधली जाते आणि तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब येतात, तो राजा याच वळणाचा. पण या सगळ्याच्या आधी बाळासाहेब चित्रकार होते. हौशी म्हणावं तर काम मोठं आहे. त्यांनी स्वतः चितारलेलं ‘चित्ररामायण’ 1916 मध्ये प्रसिद्ध झालं. हातात कुंचला धरणाऱ्या राजाला एक गोष्ट आपोआप कळते, की काम करणाऱ्याला आधी जागा लागते, मग वेळ, आणि पैसा त्यानंतर. बाळासाहेबांनी गादीवर असेपर्यंत हाच क्रम पाळला.

पहिला माणूस लक्ष्मणराव किर्लोस्कर. 1869 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेले. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंग ओळखू येत नाहीत. चित्रकाराच्या बाबतीत यापुढे बोलणंच खुंटलं. पण हात सरळ होता, नजर मापाची होती. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. यंत्राच्या आराखड्यात पेन्सिलीच्या रेषेला पुष्कळ काही बोलता येतं. दिसणारी कड ठसठशीत अखंड काढायची. आड गेलेली कड तुटक काढायची. मध्यरेषा एक लांब, एक आखूड अशी. माप दाखवणारी रेष बारीक, टोकाला बाण. वस्तू समोरून, वरून आणि बाजूने अशी तीनदा काढायची आणि तिन्ही चित्रं एकमेकांशी काटेकोर जुळली पाहिजेत. तिन्ही जुळली की कागदावर नसलेली चौथी, खरी वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते. ज्याला हे जमतं तो लोहाराशी, साचे करणाऱ्या सुताराशी आणि भट्टीवरच्या माणसाशी एकाच कागदावरून बोलू शकतो. नांगराचा फाळ मातीत कसा घुसेल आणि मातीची पाळ कशी उलटेल हे आधी रेषेत पाहायचं असतं. लक्ष्मणराव चित्रकार झाले नाहीत, पण चित्रकाराचं पाहणं त्यांनी सोडलं नाही. औंधच्या सगळ्या गोष्टीचा धागा मला इथे दिसतो. या गोष्टीतले बहुतेक लोक कधी ना कधी ड्रॉइंग बोर्डाशी बसलेले आहेत.

लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला माल खपायला दोन वर्षं गेली. कुठे जरा जम बसतोय तोवर बेळगाव नगरपालिकेला शहर वाढवण्यासाठी त्यांची जागा हवी झाली. त्या सुमारास औंधला बांधकामाचं एक काम त्यांनी घेतलेलं होतं. बाळासाहेबांना अडचण कळली. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचं कर्ज देऊ केलं.

जमीन म्हणजे नुसतं निवडुंग आणि साप. कसणारा कोणी फिरकत नव्हता म्हणूनच ती मोकळी होती. पण तिच्या कडेने रेल्वे जात होती, आणि ओतीव लोखंडाच्या धंद्याला हेच हवं. 1910 च्या मार्चमध्ये पंचवीसेक कामगार, त्यांची बायकापोरं आणि यंत्रं घेऊन लक्ष्मणराव तिथे उतरले. आधी निवडुंग तोडायचा, मग राहायला आडोसा, मग भट्टी. पुढे त्या वस्तीला किर्लोस्करवाडी म्हणू लागले आणि स्टेशनचंही नाव तेच झालं. लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर तुरुंगातून सुटून आलेली माणसं ठेवली. ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे संस्थानात ती मोठ्या प्रमाणावर परत येणार आहे.

पहिल्या महायुद्धात विलायतेहून लोखंड येणं थांबलं. कारखाना बंद पडायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या गंजत पडलेल्या जुन्या तोफा शाहू महाराजांनी दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. ‘पुनर्वापर’ हा शब्द आज प्रत्येक अर्जात असतो. तिथे तो गरजेपोटी झाला. फाळ, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, उसाचा चरक, पाण्याचा रहाट, पुढे पंप. किर्लोस्करवाडीची यादी पाहिली की एक गोष्ट जाणवते. बाजारात काय फॅशनमध्ये आहे याचा विचार तिच्यात नाही. आसपासच्या शेतकऱ्याच्या दारात कशाची नड आहे, हाच हिशेब आहे. बैलाची ताकद आणि विहिरीचं पाणी धरून जे बसेल तेच घडवलं.

आता दुसरा माणूस. श्रीपाद दामोदर सातवळेकर, जन्म 1867, सावंतवाडीजवळच्या कोलगावचे. हेही जे. जे. स्कूलचे. उत्तम चित्रकार. आधी हैदराबाद, मग हरिद्वारचं गुरुकुल कांगडी, मग लाहोर. लाहोरात त्यांचा चित्रांचा आणि छायाचित्रांचा स्टुडिओ होता. वेदांवरच्या त्यांच्या एका लेखातून इंग्रज सरकारला राजद्रोहाचा वास आला आणि त्यांच्यामागे खटल्याचा ससेमिरा लागला. महायुद्धाच्या अखेरीस, 1918 मध्ये ते औंधला येऊन राहिले. एक लहान संस्थानिक अशा माणसाला आसरा देतो, यातली जोखीम लहान नव्हती.

सातवळेकरांनी औंधला स्वाध्याय मंडळ काढलं, छापखाना घातला, वेदसंहिता शुद्ध रूपात छापायचं काम हाती घेतलं. हे काम कसलं होतं ते एकदा पाहावं. वेदाच्या प्रत्येक अक्षराला स्वर असतो. अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली येते, स्वरिताची उभी रेघ अक्षरावर. शिशाचे खिळे जुळवताना मुख्य ओळीत अक्षर, काना, वेलांटी, जोडाक्षरं, आणि त्याच्या वर आणि खाली या रेघा बरोबर त्या त्या अक्षराशी बसल्या पाहिजेत. रेघ एक खिळा सरकली तर पाठ चुकला. जुळवणाराला संस्कृत आलं नाही तरी चालेल, पण त्याची नजर ड्रॉइंग मास्तरची हवी. रेल्वेपासून दूरच्या खेड्यात, जिथे कागद बैलगाडीने यायचा, तिथे हे काम तीस वर्षं चाललं. चित्रकाराचा हात इथेही वाया गेला नाही, फक्त कॅनव्हास बदलला.

तिसरा दुवा या दोघांना जोडतो. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर. यांनी चित्रकला शिकली ती मुंबईत आणि लाहोरला, सातवळेकरांकडे. शिकून आले ते काकांच्या कारखान्यात. नांगर विकायचे तर शेतकऱ्याला समजावं लागतं, आणि समजावायला चित्रासारखं दुसरं साधन नाही. 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते कारखान्याची खबरबात आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून. पण संपादक चित्रकार आणि डोक्याने सुधारक, त्यामुळे खबरीचं मासिक झालं. 1929 मध्ये नाव नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं, 1930 मध्ये ‘स्त्री’ निघालं, 1934 मध्ये ‘मनोहर’. ‘टाकांच्या फेकी’ या नावाने शंकररावांनी व्यंगचित्रं काढली, त्यांत भोंदूपणा, रूढी, सोवळंओवळं कशालाच सोडलं नाही. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांची मतं ज्या मासिकांनी घडवली ती नांगराच्या कारखान्याच्या आवारात छापली जात होती. कोणी ‘कला आणि उद्योग यांचा संवाद’ असं काही ठरवलं नव्हतं. काका यंत्र करत होता आणि पुतण्याला चित्र येत होतं.

कराडजवळ ओगलेवाडी हा संस्थानचा आणखी एक तुकडा. 1916 मध्ये तिथे ओगल्यांचा काच कारखाना निघाला. त्याच्यामागे तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यातला अनुभव होता. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेला तो स्वदेशी कारखाना म्हणजे काच शिकण्याची शाळाच होती. ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने पुढे महाराष्ट्रातली किती पोरं अभ्यास करून मोठी झाली, याची मोजदाद नाही. वात खालीवर करायची चकती, वारा आत न घुसू देणारी बांधणी, हातात धरायची तारेची कडी, आणि जिच्यावर सगळं अवलंबून ती काच. कंदिलाची काच पातळ हवी, गोल हवी, तापून पाण्याचा थेंब पडला तरी तडकता कामा नये. विलायती कंदिलांच्या बाजारात हे देशी काम टिकलं ते याच गुणावर.

औंधला गाणंही होतं. ग्वाल्हेर घराण्याचे अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, औंध दरबारचे गवई. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा गायन आणि व्हायोलिन दोन्हींत नावाजले. अंतूबुवांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ 1940 मध्ये औंधला उत्सव सुरू केला. तो आजही होतो आणि मोठमोठे गवई तिथे गाऊन जातात. खुद्द बाळासाहेब चित्रकारांचा जथा घेऊन वेरूळ-अजिंठ्याला जात, लेण्यांचा अभ्यास करत, त्यांवर पुस्तकं लिहीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तिच्यामागे बाळासाहेबांनी देऊ केलेला एक लाख रुपयांचा आधार होता, आणि त्या आवृत्तीत त्यांनी प्राचीन नमुन्यांवरून सिद्ध केलेली चित्रंही आहेत. जुनी शिल्पं आणि लेणी पाहून त्या काळातली वस्त्रं, दागिने, रथ कसे असतील ते काढायचं. म्हणजे पुन्हा ड्रॉइंगच, फक्त यंत्राच्या जागी इतिहास.

औंधच्या यमाई देवीच्या डोंगराच्या उतारावरचं श्री भवानी संग्रहालय 1938 मध्ये खुलं झालं. राजा रविवर्म्यांची चित्रं, धुरंधरांची चित्रं, पांडोबा पाथरवटांनी घडवलेल्या सहा ऋतूंच्या मूर्ती, आणि ज्याची कोणाला अपेक्षा नसते ते हेन्री मूर यांचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे शिल्प. पण मला नेहमी आधी दिसतं ते छत. दालनांना उजेड वरून, झरोक्यांतून येतो, चित्रावर पडतो आणि पाहणाऱ्याची सावली मध्ये येत नाही. चित्रकाराने बांधून घेतलेली इमारत असल्याची ही खूण. बाहेर ऊन वाढतं-उतरतं तशी आत चित्रं उजळतात आणि निवतात. आज ‘ऊर्जा वाचवणारी वास्तू’ म्हणून जिची पारितोषिकासाठी शिफारस होईल अशी युक्ती त्या माणसाने चित्र नीट दिसावं या एका हट्टापायी केली.

आता शेवटचा पाहुणा, आणि सगळ्यात अजब. मॉरिस फ्रीडमन. 1901 मध्ये वॉर्सात जन्मलेले, विद्युत अभियंते. बंगळूरला म्हैसूर सरकारच्या विजेच्या साहित्याच्या कारखान्यात काम करत होते. रमण महर्षींकडे जात, गांधींकडे जात, अंगावर भगवी वस्त्रं, नाव भारतानंद. बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून आणि बॅरिस्टर होऊन परतले होते. त्यांची आणि फ्रीडमनची गाठ पडली आणि फ्रीडमन औंधला आले. इंजिनिअर होते, म्हणून आधी चरख्याला हात घातला. चाकाच्या जागी धनुष्य घेतलं, त्याच्या ओढीने टकळी फिरवली आणि धनुष टकळी तयार झाली. खेड्यातला सुतार हाताशी असेल त्या लाकडा-बांबूतून ती करू शकत असे. गांधींना ती आवडली आणि त्यांनी तिचा पुरस्कार केला.

मग फ्रीडमननी त्याहून मोठं यंत्र मोडायला घेतलं. राजाने आपले अधिकार प्रजेच्या हाती द्यावेत हा विचार पुढे आला. बाळासाहेब सत्तरीचे. त्यांनी हो म्हटलं. गांधींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली. 1938 च्या नोव्हेंबरात घोषणा झाली आणि जानेवारी 1939 मध्ये ती अमलात आली. गावोगावी पंचायती, त्यांवर तालुक्याची सभा, त्यांवर संस्थानची सभा. न्यायनिवाडा जमेल तितका गावातच. राजाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादा. कलकत्ता-मुंबईत स्वराज्य मागितलं जात असताना बहात्तर खेड्यांत ते चालवून पाहणं सुरू झालं.

त्यातूनच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना तुरुंगाच्या भिंतीआड न ठेवता माळावर आणून, जमीन देऊन, बायकामुलांसह राहू द्यायचं आणि शेती करवायची. पहारा असा नाहीच. किर्लोस्करवाडीच्या पहारेकऱ्यांची गोष्ट आठवा. तीस वर्षांपूर्वी एका कारखानदाराने केलेला प्रयोग आता राज्याने केला. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी याच कल्पनेवर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. म्हणजे इंजिनिअरच्या डोक्यातली वसाहत आधी माळावर झाली, मग पडद्यावर. स्वतंत्रपूरची खुली वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे चालू आहे. फ्रीडमन पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांकडे पोचले आणि त्यांच्या मराठी संवादांतून ‘आय ॲम दॅट’ हे इंग्रजी पुस्तक सिद्ध केलं, ते 1973 मध्ये.

याच काळात आणि त्यानंतर जगात इतरत्र काय चाललं होतं तेही पाहू. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरोला संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि मेरियन मॅकडॉवेल यांनी 1907 मध्ये कलावंतांसाठी वसाहत काढली. रानात सुटे स्टुडिओ आणि कोणी कोणाला त्रास देऊ नये म्हणून दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवायचं. ही पद्धत कलावंताला जगापासून वाचवते. न्यूयॉर्कमध्ये 1966 च्या ऑक्टोबरात बेल लॅब्जचे बिली क्लुव्हर आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी दहा कलावंत आणि तीसेक इंजिनिअर एकत्र आणून नऊ रात्रींचे प्रयोग केले. त्यातून ‘एक्सपेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी’ ही संस्था उभी राहिली. मुंबईत अकबर पदमसींनी 1969 मध्ये मिळालेली नेहरू फेलोशिप स्वतःवर न खर्चता चित्रकार, सिनेमावाले आणि छायाचित्रकारांना एकत्र काम करता यावं म्हणून व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप उभारलं. आणि न्यूयॉर्कच्या मिअर्ल लेडरमन युकेलीस 1977 पासून शहराच्या सफाई खात्यात बिनपगारी ‘निवासी कलावंत’ म्हणून राहिल्या आणि हजारो सफाई कामगारांना एकेकाला भेटून, हात मिळवून आभार मानत गेल्या. या सगळ्यांत मला औंधच्या सर्वांत जवळची वाटते ती युकेलीसबाईंची रीत. त्या ज्या कामाविषयी बोलत होत्या, ते काम करणाऱ्यांत जाऊन बसल्या.

मी हे पुतणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “काका, पण बाळासाहेब राजे होते. आजच्या संस्थेला कुठून बत्तीस एकर आणायचे?”

प्रश्न बरोबर आहे. औंधचं कौतुक करताना त्याच्या तळाशी काय होतं तेही मांडलं पाहिजे. हे सगळं एका माणसाच्या आवडीवर उभं होतं. त्याला चित्र आवडे म्हणून चित्रकार आले. त्याला आवडला नसता तो विषय औंधात आला नसता. दुसरं, ज्यांना जागा मिळाली ते बहुतेक शिकलेले, पांढरपेशे आणि ब्राह्मण होते. फासेपारधी, धनगर, महार, मांग यांच्या हातातल्या कौशल्याला कोणी ‘नवा शोध’ म्हणून बोलावणं धाडलं नाही. पाथरवटाचं नाव संग्रहालयात आहे, हा अपवाद. पंचायती आणि स्वतंत्रपूर इथे ही चौकट थोडी सैल झाली, पण तीही 1939 नंतर, राज्याची शेवटची आठ-नऊ वर्षं उरलेली असताना.

आणि त्याची किंमत मोजली गेली. जानेवारी 1948 मध्ये गांधींची हत्या झाली. सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरं जळाली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही जाळपोळीची झळ लागली. सातवळेकरांनी तीस वर्षांचा संसार आणि छापखाना आवरला आणि गुजरातेत पारडीला गेले. तेव्हा त्यांचं वय ऐंशी. तिथे त्यांनी काम पुन्हा उभं केलं आणि शंभरी पाहून 1968 मध्ये गेले. 8 मार्च 1948 ला औंध मुंबई राज्यात विलीन झालं. त्याबरोबर पंचायतींचा प्रयोगही संपला. बाळासाहेब 1951 मध्ये गेले.

तरी हिशेब मांडला तर काय टिकलं ते दिसतं. कारखाना जळाला तरी पुन्हा चालू झाला आणि आजही पंप करतो, कारण तो राजावर अवलंबून राहिला नव्हता. उत्सव चालू आहे, कारण गवयांनी तो आपला मानला. स्वतंत्रपूर चालू आहे, कारण ते कायद्यात आलं. राजाच्या मर्जीवरच जे उभं होतं ते मर्जीबरोबर गेलं. जिथे पाहुण्याच्या हाती जमिनीचा तुकडा, यंत्र, छापखाना किंवा नियम आला आणि त्याची जबाबदारीही आली, ते राहिलं.

म्हणून पुतणीला मी एवढंच सांगतो. अर्जात सहा आठवड्यांत काय ‘आउटपुट’ देणार असा रकाना असतो, तो भर, इलाज नाही. पण बोलावणाऱ्याला आधी तीन गोष्टी विचार. तिथल्या माणसांना पाण्याची, चाऱ्याची, इंधनाची काय नड आहे ते कोण सांगेल? आपण केलेली वस्तू मोडली तर गावातल्या कोणाला ती दुरुस्त करता येईल? आणि आपण निघाल्यावर ती कोणाच्या नावावर राहील? लक्ष्मणरावांना बत्तीस एकर मिळाले ते या तीन प्रश्नांची उत्तरं त्यांच्याजवळ तयार होती म्हणून. नांगर एव्हाना शेतकऱ्याला हवा झाला होता, लोहार तो सांधू शकत होता आणि कारखाना त्यांचा होता. बत्तीस एकर आज कोणी देणार नाही, पण हे प्रश्न विचारायला जमीन लागत नाही. ज्या संस्थेकडे त्यांची उत्तरं असतील तिथे एक खोली, एक वर्कबेंच आणि वर्षभराची उसंत मिळाली तरी पुरे. नसतील तिथे सगळं छान असेल, जेवण दाराशी येईल, शेवटी प्रदर्शन होईल, आणि पुढच्या पावसाळ्यात गावाला त्यातलं काही उपयोगी पडणार नाही. पुतणीने तीन प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले आणि पुढचा अर्ज पाठवण्याआधी त्या संस्थेला फोन लावला.